साहेबांची चोवीस पावलं

साहेब, चूक तुमची आहे. ॲपची नाही, ऋतुजाची नाही, आणि चन्नवीरनं दाराला लावलेल्या विटेची तर मुळीच नाही. आंधळ्या माणसाला संग्रहालय एकट्यानं बघता यावं म्हणून तुम्ही ॲप करायला घेतलंत, त्यावर सात बैठका घेतल्यात, आणि सातही बैठकांना एकही आंधळा माणूस बोलावला नाहीत. बिस्किटं मात्र दर वेळी दोन प्रकारची होती. नंतर जे घडलं ते तुमच्या अहवालात नाही, म्हणून इथं सांगावं लागतंय.

सोलापुरात एका बंद पडलेल्या गिरणीच्या इमारतीत मागांचं संग्रहालय उघडलं होतं. जुने हातमाग, सुताच्या कांड्या भरायचे रहाट, चादरींचे नमुने, असं सगळं. त्याचं ॲप करायचं काम ऋतुजाला मिळालं. ऋतुजाचं ऑफिस म्हणजे भवानी पेठेतली एक खोली, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. तोवर तिनं साड्यांच्या दुकानांची आणि एका खानावळीची ॲपं केलेली. गिरणीच्या दगडी भिंतींत फोनला आपण कुठं आहोत तेच कळत नसे. त्यावर एक यंत्रणा होती, ती साहेबांनी पहिल्याच बैठकीत 'अनावश्यक' म्हणून खोडली. मग ऋतुजानं साधी युक्ती काढली. ॲप पावलांत रस्ता सांगणार. 'दारातून व्हरांड्यात सरळ चाळीस पावलं. आता उजवीकडं वळा. समोर माग आहे.'

ही पावलं बजाबाईची होती.

बजाबाईनं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं कांड्या भरल्या. अकरा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली. नजर गेली त्या दिवसापासून नवऱ्यानं, रावजीनं, तिचा उजवा कोपर धरला तो सोडलाच नाही. रावजी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. सगळं आयुष्य लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणण्यात गेलं, पण बायकोला मात्र एकटीनं एक पाऊल पुढं सरकू देत नव्हता.

बजाबाईची बहीण मायाक्का मोडनिंबला असते. रावजी बजाबाईला तिच्याकडं न्यायचा, ओट्यावर घड्याळ बघत बसायचा आणि तासाभरात "चला, पाचची गाडी चुकंल" म्हणून उठवायचा. अकरा वर्षांत दोघी बहिणींची एक गोष्ट शेवटापर्यंत बोलून झाली नव्हती.

"मला एकटीला मोडनिंबला जायचंय," बजाबाई म्हणायची.

"पडशील."

"पडले तर उठंन की."

"एसटीत चढशील कशी?"

"जशी समदी चढत्यात. दारातनं."

शेवटी भांडून भांडून अट ठरली. ॲपची चाचणी होईल त्या दिवशी बजाबाईनं कुणाचा हात न धरता संग्रहालय फिरून यायचं. आली, तर मोडनिंबला एकटीनं जायचं. धडपडली, चुकली, कुणाला हाक मारली, तर मोडनिंबचं नाव पुन्हा काढायचं नाही. रावजीनं त्या दिवशी तिच्या मागं मागं करायचं नाही, हेही ठरलं. रावजीनं मायाक्काची शपथ घेतली. बजाबाई म्हणाली, "तिची कशाला, सवताची घ्या." ती त्यानं घेतली नाही.

बजाबाई वर्षभर संग्रहालयात येत होती. रावजी फाटकापर्यंत आणून सोडायचा, आत ऋतुजा बरोबर असायची. फोन कानाशी धरून ऐकायची आणि चुका काढायची. साहेबांच्या हुकमावरून ॲप उघडल्याबरोबर त्यांचा हात जोडलेला फोटो यायचा. फोटोला नाव जोडायची परवानगी आली नव्हती, त्यामुळं फोन मोठ्यानं म्हणायचा, 'चित्र. नाव नाही.'

"पोरी, ह्यो बिननावाचा कोण हाय दर येळी दारात उभा?" बजाबाईनं विचारलं होतं.

"आपले साहेब, मावशी."

"मग बाजूला हो म्हणावं की त्यास्नी. लोकांनी आत कसं जायचं?"

सातव्या बैठकीत साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "ही चाळीस पावलं कुणाची?"

"बजाबाई म्हणून एक मावशी आहेत, सर. त्यांना दिसत नाही. त्यांनी चालून मोजलीत."

"म्हणजे खासगी पावलं?"

ऋतुजा मोजणीची वही उघडून दाखवू लागली. साहेबांनी ती मिटली.

"शासकीय ॲपमध्ये खासगी पावलं? उद्या कुणी माहितीच्या अधिकारात विचारलं तर मी काय सांगू? प्रमाण पाऊल पाहिजे."

साहेबांचे सहायक वेणीमाधव यांची सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. साहेबाचं वाक्य कुठं थांबतं आणि आपलं कुठं सुरू व्हायला हवं, हे त्यांना बरोबर कळायचं. ते म्हणाले, "आत्ताच ठरवून टाकू, साहेब. आपणच चाललात तर उत्तम. आपल्या चालण्यात एक धोरण आहे."

सगळी बैठक उठून व्हरांड्यात आली. साहेब सहा फुटी. त्यांनी शर्ट नीट खोचला आणि समोर बघत, पाहणी दौऱ्याला निघाल्यासारखे ताडताड चालत गेले. मागून वेणीमाधव मोजत धावले. चोवीस पावलं झाली.

"चाळीस कापून चोवीस करा," साहेब म्हणाले. "बघा, रस्ता केवढा कमी झाला!"

"पण सर, तुम्ही डोळे उघडे ठेवून चाललात," ऋतुजा म्हणाली.

"मग काय झाकून चालू?"

सगळे हसले. वेणीमाधवांनी इतिवृत्तात लिहिलं, 'सूचनेची नोंद घेण्यात आली.' ऋतुजानं रडकुंडीला येऊन सगळी पावलं बदलली आणि नवं ॲप चढवलं. आता बजाबाई चोवीस पावलांत कुठं पोचणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अर्ध्या व्हरांड्यात. तिथून उजवीकडं वळली की मागाच्या दालनात नव्हे, भलतीकडेच. आणि मोडनिंब कायमचं बंद.

चाचणीच्या दिवशी सकाळी फाटकापाशी मांडव घातला होता. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, सत्काराच्या चादरी-टॉवेलांचा ढीग टेबलावर होता, आणि लाउडस्पीकर कुणीतरी बोलावं म्हणून खरखरत होता. साहेबांनी जाहीर केलं, "आज मी स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून हे ॲप वापरणार. मी स्वतः दृष्टिहीन होऊन दाखवणार!"

"व्हा की," पहिल्या रांगेतून बजाबाई म्हणाली. "आन माघारी कसं व्हायचं त्ये मला बी दावा."

ऋतुजा तिच्या शेजारी येऊन कानात म्हणाली, "मावशी, आज जाऊ नका. पावलं बदललीत. मला बदलायला लावलीत. फोन द्या, मी निदान..." तिनं फोन हातात घेतला आणि ॲप दोनदा उघडून बघितलं.

"काय झालं गं?"

"मावशी, तुमच्या फोनमध्ये जुनंच ॲप आहे! नवं उतरलंच नाही. जागाच नाही फोनमध्ये."

"जागा कशी असंल? ह्येंनी समदा फोन शुभ सकाळच्या चित्रांनी भरून ठिवलाय."

"गुरुवारची पुसू नगा," रावजी पलीकडून म्हणाला. "ती येगळी हायत."

त्या साडेआठशे गुलाबांना आणि उगवत्या सूर्यांना ऋतुजानं मनातल्या मनात हात जोडले. "जा मावशी," ती म्हणाली. "बिनधास्त जा."

बजाबाई उठली. रावजीचा हात सवयीनं तिच्या कोपराकडं गेला. तिनं काठीनं तो हलकेच बाजूला केला. कानाला फोन, हातात काठी, तोंडानं आपली आपण मोजत ती व्हरांड्यात शिरली. चाळीस झाली. उजवीकडं वळली. दिसेनाशी झाली. ना अडखळणं, ना हाक.

ऋतुजानं श्वास सोडला. रावजीला मात्र तो घेताही येईना. "मी जरा लघवीला जाऊन येतो," असं कुणी विचारलेलं नसताना सांगून तो उठला आणि खांबांच्या आडून आडून निघाला.

मग साहेब उठले. वेणीमाधवांनी सत्काराच्या टॉवेलची घडी करून त्यांच्या डोळ्यांवर बांधली. अस्सल सोलापुरी टॉवेल, त्यातून उजेडाचा कणही जाईना. शर्टाला छोटा माइक लावला, म्हणजे साहेबांचा अनुभव पाहुण्यांना जागेवर बसून ऐकता यावा. "कुणीही माझ्याबरोबर यायचं नाही," साहेबांनी बजावलं. "कुणीही मदत करायची नाही."

आणि साहेबांनी पहिलं पाऊल टाकलं.

ते धोरण कुठं गेलं कुणास ठाऊक. डोळ्यांवर टॉवेल येताच सहा फुटी माणूस, अंधारात चप्पल चाचपावी तसा, वीत वीत सरकू लागला. एक पाऊल पुढं, मग जमीन आहे ना याची खात्री, मग दुसरं. दोन्ही हात पुढं. ॲपनं चोवीस म्हटलं तेव्हा साहेब अर्ध्या व्हरांड्यात होते.

'आता उजवीकडं वळा,' ॲप म्हणालं.

साहेब वळले. तिथं एक दार होतं आणि ते सताड उघडं होतं. साहेब आत गेले.

ऋतुजा ताडकन उठली. "अहो, तिकडं नाही..."

"बसा, बसा," वेणीमाधव म्हणाले. "मदत करायची नाही, असा आदेश आहे."

"पण ते चुकीच्या दारात गेलेत!"

"साहेब गेलेत म्हणजे विचार करूनच गेले असतील."

तो दिव्यांगांसाठीचा संडास होता. कागदावर 'सुगम्य'. आत मागच्या कार्यक्रमाचे फ्लेक्स खिडकीला टेकवून ठेवलेले, मोडक्या खुर्च्या एकावर एक, बादली, फरशी पुसायचा मॉप. बल्ब उडालेला. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग, आणि आतली मूठ गळून पडलेली. म्हणून पहारेकरी चन्नवीर दिवसभर दाराला वीट लावून ठेवायचा.

लाउडस्पीकरमधून ॲपचा आवाज आला. 'तुम्ही मागासमोर उभे आहात. हात पुढं करा. लाकडाची उभी दांडी लागेल.'

"लागली!" साहेब म्हणाले. "काय गुळगुळीत आहे! किती पिढ्यांचे हात फिरले असतील या दांडीवरून!"

फाटकाशी उभा असलेला चन्नवीर पुटपुटला, "पिढ्या कुठल्या की हो. मी एकलाच पुसतोय."

'आता खाली वाका. कांड्या भरायचा रहाट आहे. गोल कडेवरून हात फिरवा.'

"हो, हो, गोल आहे. लाकूड असून इतकं थंड! याला म्हणतात जतन. कडा तर अशी आहे की..."

पाहुण्यांपैकी ज्यांना व्हरांड्याची माहिती होती त्यांनी तोंडाला रुमाल लावले. वेणीमाधव टाळ्या वाजवायला लागले होते, ते मधेच थांबले. तेवढ्यात स्पीकरमधून दुसराच आवाज घुमला.

"सायेब! सायेब, हात काढा! ह्यो संडास हाय!"

मग वीट घरंगळल्याचा आवाज, आणि दार धाडकन मिटल्याचा.

"कोण आहे? कोण आहे इथं?"

"मी रावजी. रिटायर कंडक्टर."

"दार उघडा!"

"उघडतो की. मूठ कुटं हाय?"

"मी पट्टी काढली, तरी अंधारच आहे! मला काही दिसत नाही!"

"मला बी न्हाय दिसत. घाबरू नगा सायेब. पुढं सरका."

"पुढं कुठं सरकू? पुढं बादली आहे!"

"मग मागं सरका."

सगळा मांडव व्हरांड्याकडं धावला. बाहेरची मूठ नुसतीच गोल गोल फिरत होती. चन्नवीर तालमीत घडलेला गडी. त्यानं बाह्या सरसावल्या. "बाजूला व्हा. एका लाथेत पाडतो की."

"थांबा!" वेणीमाधव दारासमोर आडवे झाले. "सरकारी मालमत्ता आहे. तोडायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते."

"मग घ्या की. सक्षम अधिकारी कुटं हायत?"

वेणीमाधवांनी दाराकडं पाहिलं. "आत आहेत."

"मी परवानगी देतो!" आतून आणि स्पीकरमधून एकदमच आवाज आला. "तोंडी देतो!"

"लेखी लागेल, साहेब. दाराखालून कागद सरकवू का?"

"वेणीमाधव, मला इथं माझा हात दिसत नाहीये!"

"सायेब, पाय काढा," रावजी कण्हला. "माज्या पायावर हाय."

एवढ्यात दालनाच्या बाजूनं काठीची टकटक ऐकू आली. बजाबाई सगळं फिरून, परतीची पावलं मोजत, शांतपणे येत होती. "पोरी, तितल्या मागात धोटा उलटा बसवलाय," ती म्हणाली. "हाताला लागला तवा कळलं. इतकी शिकल्याली लोकं बघून गेली, कुणालाच दिसला न्हाय व्हय? आन ह्यो गलबला कसला?"

"मावशी, साहेब संडासात अडकलेत. रावजीकाका पण."

"आमचं ह्ये? ह्ये तर मांडवात बसले हुते."

दारापलीकडं बादली खडखडली.

"अवो," बजाबाई दाराला म्हणाली.

"मी लघवीला आलतो."

"खांबाआडनं मला बघाया आलता."

आतून बारीकसं, "व्हय."

बजाबाईनं काठी भिंतीला टेकवली आणि दारावर बोटांनी टिचकी मारली. "सायेब, मी बजाबाई. ऐकताय न्हवं? आता डोळ्यानं काय हुडकू नगा. डोळं मिटा."

"मिटून काय होणार? अंधारच आहे!"

"म्हणून तर. उघडं ठिवलं की मानूस त्याच्यातच अडकतंय. मिटा."

"मिटले."

"उजवा तळवा दारावर ठिवा. आता बिगीबिगी न्हाय, हळू खाली सरकवा. कमरंपातूर. मोकळं भोक लागंल, जितं मूठ हुती तितं."

"नाही लागत. नाही... लागलं! लागलं!"

"त्यात बोट घाला. वरच्या अंगाला पत्र्याची जीभ हाय. ती डावीकडं सारा, आन तशीच धरून दार आत वडा."

खट् झालं. दार उघडलं. साहेब बाहेर आले, गळ्यात टॉवेल, एका हातात मॉप, आणि चेहरा असा, की जणू पाच मिनिटं आधी कुणी त्यांना पाण्यातून बाहेर काढलंय. त्यांनी उजेडाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, सगळ्यांकडं पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेष्टेनं नव्हे, खरंच बरं वाटून. बंद दारामागं कुणीही असलं तरी छातीत धडधडतंच. मागून रावजी लंगडत आला.

"बाई," साहेबांचा आवाज बसला होता, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"मागल्या वर्सी उन्हाळ्यात मी अडकले हुते की हितं. पोरगी तवा तुमच्या बैठकीला हुती. पाऊण तास. लई हाका मारल्या. मग चाचपून चाचपून हुडकलं. अर्ज बी दिलाय मूठ बसवा म्हणून."

साहेबांनी वेणीमाधवांकडं पाहिलं.

"प्रक्रियेत आहे," वेणीमाधव म्हणाले.

ऋतुजानं तीच वेळ साधली. "सर, ॲपनं आधी प्रत्येकाला दहा पावलं चालायला लावायची आणि त्याची त्याची पावलं धरायची, असं करता येईल. दोन दिवसांचं काम आहे." साहेबांनी ना टिपण मागितलं, ना बैठक लावली. "करा," एवढंच म्हणाले आणि पाणी मागितलं. ऋतुजा तिथंच पायरीवर बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसली.

बजाबाई रावजीसमोर उभी राहिली. "मग? मोडनिंब?"

रावजीनं पायाचा अंगठा चोळला. "मी अकरा मिंटं अंधारात हुतो," तो म्हणाला. "लई भ्या वाटलं गं. तू अकरा वर्सं कशी..." त्यानं नाक ओढलं.

"रडू नगा. लोकं बघत्यात. मला दिसत न्हाय, त्यास्नी दिसतंय."

"जा," रावजी म्हणाला. "एकलीच जा."

सोमवारी बजाबाई एसटीत खिडकीजवळ बसली. खाली रावजी उभा राहून कंडक्टरला सूचना देत होता, आणि कंडक्टर "काका, गाडी सोडू का?" म्हणून तिसऱ्यांदा विचारत होता. पाचच्या गाडीनं बजाबाई परत आली नाही. सहाच्याही नाही. मुक्काम केला तिनं. मायाक्काची अकरा वर्षांची थकबाकी एका बैठकीत मिटणारी नव्हती. रावजीनं फोन केला तेव्हा पलीकडून दोघी हसत होत्या. तो नुसताच ऐकत राहिला आणि मग निवांत जेवला.

साहेब, आता तुमचा अहवाल. 'चाचणी यशस्वी. साहेबांनी दिव्यांग स्वच्छतागृहाची आतून सखोल पाहणी केली व तत्काळ दुरुस्तीचे आदेश दिले.' तत्काळ खरंच. तुम्ही बाहेर आलात आणि चाळीस मिनिटांत सुतार आला, मूठ बसली, बल्ब लागला, फ्लेक्स हलले. बजाबाई पाऊण तास त्याच काळोखात हाका मारत होती. तिचा अर्ज वर्षभर 'प्रक्रियेत' होता. तुम्ही अकरा मिनिटं आत राहिलात. बिघाड एकच, दार एकच, मूठ दीडशे रुपयांची.

तेव्हा एवढंच सांगा. तुमच्या खात्याच्या आणखी किती दारांना आतून मूठ नाही? आणि तुम्हाला एकेका दाराआड कोंडल्याशिवाय त्या बसणारच नाहीत का? उत्तर द्या, साहेब. आणि तोंडी नको, लेखी द्या.